कोऱ्या पट्टीवरचा माग

कोठाराच्या कापलेल्या कुंपणापासून ओढ्यापर्यंत त्रेसष्ट ठसे होते. एकेचाळीस पुरते, टाच आणि चवडा दोन्ही मोजता येण्याजोगे. सतरा अर्धवट. उरलेल्या पाच जागी ठसा नव्हताच, फक्त खडा उलटून त्याची मातकट बाजू वर आली होती. तेही आम्ही धरतो, कारण खडा आपण होऊन उलटत नाही. सगळे एकाच बुटाचे: दहा नंबर, डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली. ओढ्यात पन्नासेक मीटर उघडा कातळ आहे, त्यावर काहीही नव्हतं. कातळापलीकडे पायवाट लागते आणि ती पारध्यांच्या वस्तीत जाते. त्या पायवाटेवर शेळ्यांचे खूर होते, एका सायकलचं चाक होतं, दोन कुत्री, अनवाणी पोरं आणि बऱ्याच चपला होत्या. तो बूट एकदाही नव्हता.

मागावर गेलेल्या पथकाच्या चष्म्यांनी ठेवलेल्या नजर-नोंदीत मात्र त्या पायवाटेवर दोनशे सहा ठसे होते, आणि ते सगळे त्याच बुटाचे होते.

ही मोजणी मी घटनेच्या दुसऱ्या दिवशी रांगत रांगत केली. माझं नाव केतकी वाघचौरे. मी मृदाभौतिकीत एम.एस्सी. केलं आहे. बालाघाटाच्या पठारावर पोलीस, वनरक्षक आणि लष्कराच्या तुकड्यांना माग काढायला शिकवणारं एक केंद्र आहे. ठशाची कड किती ढासळली, तळातली माती किती वाळली, यावरून तो किती जुना हे ठरवण्याचं काम तिथे माझ्याकडे होतं.

घडलं होतं ते असं. सौरवीज साठवणाऱ्या बॅटऱ्यांच्या कोठारात चोरी झाली. चोराने पहारेकऱ्याच्या डोक्यात पहार घातली. पहारेकरी अजून शुद्धीवर आला नव्हता, म्हणून गुन्हा खुनाच्या प्रयत्नाचा. केंद्र जवळच असल्यामुळे आमचंच एक पथक चष्मे लावून मागावर गेलं. अशा पथकात पाच जण असतात. सगळ्यात पुढे माग काढणारा. तो खाली बघत असतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना दोन जण समोरचा धोका बघतात. मध्ये पथकप्रमुख आणि शेवटी वायरलेसवाला. त्या दिवशी सगळ्यात पुढे होती कॉन्स्टेबल बिजली पवार, तिच्या तुकडीत पहिली आलेली.

पथकाचा एक जुना दंडक आहे. शेवटच्या खात्रीच्या ठशाभोवती काडीने गोल काढायचा. पुढचा ठसा दिसला नाही, तर पुढच्याने मोठ्याने म्हणायचं, "हरवला!" ते ऐकलं की सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं, मग मागे साहेब असो की मंत्री. बिजलीने कातळापाशी गोल काढला आणि पलीकडे पायवाटेवर उभी राहून म्हणाली, "हरवला." पथक थांबलं नाही. ठसा आहे असं चष्म्याला वाटलं की ती जागा काचेवर हिरवी होते, आणि पथकप्रमुखाच्या चष्म्यात पायवाट हिरवी झाली होती. ते हिरव्यामागून चालत वस्तीत गेले आणि पायवाटेच्या तोंडाशी जे पहिलं घर होतं, तिथल्या तरुणाला उचलून घेऊन आले. त्याच्याविरुद्ध दुसरा पुरावा नव्हता, आणि दुसरा लागणारही नव्हता. दोन वर्षांपूर्वी नियम बदलला तेव्हापासून नजर-नोंद कोर्टात साक्ष म्हणून चालते.

तो तरुण बिजलीचा धाकटा भाऊ. त्याचं नाव कलेक्टर पवार. आता बिजलीचीही चौकशी होती: भावाला वाचवण्यासाठी तिने जाणूनबुजून "हरवला" म्हटलं, असा आरोप होता.

*

"सही करायला किती वेळ लागतो, वाघचौरे?" केंद्राचे अधीक्षक रणनवरे यांनी विचारलं.

"सहीला नाही लागत, सर. वरच्या वाक्याला लागतोय."

वाक्य असं होतं: 'हा चष्मा जिथे ठसा असतो तिथेच ठसा नोंदवतो, असे मी तपासून प्रमाणित करते.' केंद्रात मातीचं शिक्षण झालेली मी एकटीच होते, म्हणून चौकशी समितीला माझी सही हवी होती.

"तुम्ही दुसऱ्या दिवशी गेलात," रणनवरे म्हणाले. "तोवर वारा सुटला, शेळ्या गेल्या. पथकाने ताजं पाहिलं."

"शेळ्या एवढ्या हुशार नसतात, सर. बाकी सगळ्यांचे ठसे ठेवून एकाच बुटाचे दोनशे सहा वेचून पुसायला."

ते हसले नाहीत. "सरावात या चष्म्याचा निकाल शंभरात सत्त्याण्णव आहे. तीन राज्यांनी मागणी नोंदवली आहे. आणि तुम्ही एका पारध्याच्या पोरासाठी..."

"मी ठशांसाठी आले होते, सर. पोराचं नाव तुम्ही काढलंत."

"तुमचा करार मार्चमध्ये संपतोय ना?"

"हो. मार्चपर्यंत पगार घेणार आहे, तोवर मोजतही राहणार."

कागद मी त्यांच्याच टेबलावर ठेवला, सही न करता.

*

बिजली तिच्या घरापुढे मोटरसायकलची चेन काढून बसली होती. वर्दी नव्हती, पण केस वर्दीतल्यासारखेच चापून बांधलेले.

"चहा घेणार का मॅडम, की इथलं पाणी चालत नाही?"

"घेणार. साखर कमी."

"साखर कमीच असते आमच्यात." तिने आत आईला आवाज दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "शास्त्र घेऊन आलात? शास्त्रानेच तर धरलंय त्याला."

मी भावाचं विचारलं.

"बरा आहे म्हणतो. कोठडीतले शिपाई 'उठा कलेक्टरसाहेब' म्हणून लाथ घालतात. फार गंमत वाटते त्यांना नावाची." तिने चेन रॉकेलच्या डब्यात बुडवली. "ज्यांच्यापुढे हात जोडून उभं राहावं लागतं, त्यांची नावं आमच्यात पोरांना ठेवतात. म्हणजे घरात तरी 'ए कलेक्टर, जेवायला ये' असं म्हणता येतं."

"त्याच्याकडे दहा नंबरचा बूट..."

"त्याचा पाय आठ नंबरचा आहे. बूट सापडला नाही. मग म्हणाले, फेकून दिला असणार. सापडला असता तर पुरावा, नाही सापडला तरी पुरावा."

चहा आला. मी मुद्द्यावर आले. "त्या दिवशी तुम्हीही चष्मा लावला होता. तुमच्याही काचेत पायवाट हिरवी झाली असेल."

"झाली होती की. म्हणून तर थांबले. हिरवं होतं, आणि हिरव्याखाली धूळ होती. नुसती धूळ."

"मग तुमच्या चष्म्याने तिथे अकरा ठसे नोंदवलेत ते कसे? नोंद तेव्हाच होते, जेव्हा तुमची नजरही तिथे थांबते."

"थांबणारच." आता तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, कुणी बोट दाखवलं तर तुम्ही तिकडे बघत नाही का?"

मी कप खाली ठेवला. चार वर्षांत केंद्रातल्या एकाही माणसाने हा प्रश्न विचारला नव्हता. मीही नाही.

"मला दया नको तुमची," निघताना ती म्हणाली. "कलेक्टर निर्दोष आहे असंही म्हणू नका, तुम्ही काय त्याच्या सोबत नव्हतात. मी 'हरवला' म्हटलं तेव्हा माग हरवला होता. तेवढं सिद्ध करा. बाकीचं मी बघते."

*

चष्मा समजायला आधी डोळा समजला पाहिजे. आपल्याला वाटतं की समोरचं सगळं आपल्याला स्पष्ट दिसतंय. ते खरं नाही. हात लांब करून अंगठा धरला तर त्या अंगठ्याच्या नखाएवढाच भाग डोळ्याला नीट दिसतो. भोवतालचं सगळं पुसट असतं. म्हणून डोळा सतत उड्या मारतो, सेकंदाला तीन-चार. उडी आणि उडी यांच्या मध्ये तो क्षणभर थांबतो आणि त्या थांब्यावर जे मिळेल ते घेतो. मेंदू हे तुकडे जोडून आपल्याला अखंड चित्र दाखवतो. पटाईत माणूस आणि नवखा माणूस यांच्यात फरक असतो तो थांब्यांचा. नवखा जमिनीवर कुठेही थांबतो. पटाईताला ठाऊक असतं की पुढचं पाऊल साधारण कुठे पडलं असेल, आणि तो तिथेच थांबतो.

चष्म्याच्या काडीत एक बारीक अवरक्त दिवा आणि कॅमेरा असतो. बुबुळावरून परत येणाऱ्या प्रकाशावरून नजर कुठे आहे ते कळतं. केंद्राचे मुख्य शिक्षक सुभेदार तात्याबा कोळपे सैन्यातून निवृत्त झालेले. माग काढण्यात त्यांच्या तोडीचा माणूस मी पाहिलेला नाही. चष्मा बनवणाऱ्यांनी त्यांची नजर दोन वर्षं नोंदवली, आणि 'कोळपे असते तर इथे थांबले असते' अशी जागा काचेवर हिरवी करणारा चष्मा तयार केला. शिकवायला ते उत्तमच होतं. जे शिकायला वर्ष लागे ते पोरं दीड महिन्यात शिकू लागली.

पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं की हीच नोंद पुरावा म्हणून वापरता येईल. चष्म्याची जागा आणि माणसाची नजर जुळली की तिथे ठसा आहे असं धरायचं. दोन साक्षीदार झाले, एक यंत्र आणि एक माणूस. ऐकायला चोख वाटतं. पण यंत्र बोट दाखवतं, माणूस तिकडे बघतो, आणि यंत्र त्या बघण्यालाच दुसरी साक्ष म्हणून लिहून घेतं.

मग सरावात सत्त्याण्णव टक्के कसे आले? हे मला बिजलीच्या घरून परतताना सुचलं आणि मी गाडी कडेला घेतली. केंद्रावर प्रत्येक सरावाआधी कुणीतरी आखलेल्या मातीच्या पट्टीवरून चालून जायचंच. माग नाही अशी पट्टी आम्ही कधी आखलीच नव्हती. माग कुठे जातो एवढंच परीक्षेत विचारलं जाई. माग आहे का, हा प्रश्न परीक्षेत नव्हताच.

आता एकच उरलं होतं. पायवाटेवर काहीच नसताना चष्म्याने तिथे हिरवं का दाखवलं? त्याचं उत्तर फक्त सुभेदारांकडे होतं.

*

सुभेदार ओसरीत बसले होते. गेल्या वर्षापासून त्यांच्या नजरेचा मधला भाग जात चालला होता. समोरच्याचा चेहरा बघायचा तर ते त्याच्या कानाकडे बघत, म्हणजे उरलेल्या कडेच्या नजरेत चेहरा येई.

"ये वाघचौरे. रणनवऱ्याशी भांडलीस म्हणं?"

"भांडले नाही साहेब. सही केली नाही."

"त्याला तेच भांडण."

मी त्यांच्या चार वर्षांपूर्वीच्या नोंदी मोठ्या पडद्यावर लावल्या. ते मान तिरकी करून बघू लागले. त्यांच्या नजरेचा प्रत्येक थांबा पडद्यावर ठिपका होऊन उमटत होता. जितका वेळ थांबले, तितका ठिपका मोठा.

"इथे, या मोठ्या ठिपक्यावर तुमची नजर जवळजवळ तीन सेकंद थांबली आहे. काय दिसलं होतं?"

"थांब जरा. डावीकडं तरवडाचं झुडूप हाय न्हवं? ध्यानात आलं." ते हसले. "काय बी नव्हतं तिथं. म्हणून तर बघत होतो."

"आणि हा बारीक ठिपका? पाव सेकंदाचा."

"तिथं अख्खा ठसा होता. अख्ख्या ठशाकडं काय बघत बसायचं? दिसला की पुढं."

मी आणखी वीस ठिपके दाखवले. बारीक ठिपका आला की ते म्हणत, "होता." मोठा आला की, "हरवला होता. जायला सोपी वाट कुठली ते बघत होतो." एकविसाव्याला ते आपणच थांबले. त्यांना कळलं होतं.

चष्मा बनवणाऱ्यांनी साधा हिशेब केला होता: पटाईत जिथे जास्त वेळ बघतो तिथे जास्त खात्री. खरं नेमकं उलट होतं. कोळपे सगळ्यात जास्त वेळ बघत ते शंकेच्या जागी. माग हरवला की त्यांची नजर सोप्या वाटेकडे जाई, झुडपांमधल्या फटीकडे, पायवाटेकडे. पुढे ते स्वतः उठून जात, तपासत आणि निम्म्या वेळा परत येत. ते परत येणं चष्म्याने शिकलंच नव्हतं. तो फक्त त्यांची शंका शिकला होता आणि तिलाच ठसा म्हणत होता. माग कुठेही हरवो, चष्म्याला तो जवळच्या पायवाटेवर सापडणार. आणि पायवाट कुणाच्या तरी दारातच जाते.

"म्हंजे माझी नजर खोटी?" सुभेदारांचा आवाज चढला.

"नजर खरी आहे साहेब. तिचा अर्थ उलटा लावलाय."

"पोरी, माझं डोळं चाललंत. पुढच्या वर्षी ताटातली भाकर चाचपावी लागंल. नजर तेवढी त्या चष्म्यात ठिवली होती, म्हटलं आपल्यामागं राहील. तू ती बी काढून घ्यायला निघालीस."

मला पुष्कळ बोलता आलं असतं. मी म्हणाले, "परवा चौकशी आहे. त्यांना सांगाल का, मोठ्या ठिपक्यांच्या जागी काय होतं ते?"

"जा तू."

"साहेब, बिजली तुमच्याकडेच शिकली. 'हरवला' म्हणायला तुम्हीच..."

"जा म्हटलं ना!"

मी पडदा गुंडाळला आणि गेले.

*

चौकशी समिती म्हणजे एकच व्यक्ती होती: निवृत्त न्यायाधीश आचरेकर बाई. बारीक अंगाच्या, खणखणीत आवाजाच्या. केंद्राच्या वर्गात टेबल मांडलं होतं. एका बाजूला रणनवरे, दुसऱ्या बाजूला इस्त्रीच्या वर्दीत बिजली.

"वाघचौरे, तुमची सही नाही," बाई म्हणाल्या.

"नाही. वाक्य खोटं आहे."

रणनवऱ्यांनी खुर्ची सरकवली. मी बोट आणि बघणं, मोठा ठिपका आणि बारीक ठिपका, सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये दोनदा थांबवून तेच पुन्हा सांगायला लावलं.

"मॅडम, ही नुसती कल्पना आहे," रणनवरे म्हणाले. "यांच्याकडे पुरावा काय? कुणाला विचारून रचल्या यांनी ठिपक्यांच्या गोष्टी?"

"पुरावा इथे, या मैदानावर काढता येईल," मी म्हणाले. "दोन पट्ट्या आखू. एकीवरून कुणीतरी चालून जाईल, दुसरी कोरी राहील. कुठली कोरी ते चष्मा लावणाऱ्यांना सांगायचं नाही. मलाही नाही."

"नियमावलीत अशी चाचणी नाही."

"तेच सांगतेय मी. चार वर्षांत नाही."

"सर घाबरतायत का?" बिजली म्हणाली.

"पवार, तुम्ही गप्प बसा!"

"पुढच्याला बोलायचा हक्क असतो, सर. त्या दिवशी कातळापाशी गप्प बसले नाही, आता कशी बसू?"

बाईंनी पेन टेबलावर आपटलं. सगळे शांत झाले, आणि त्या शांततेत दारातून काठीचा आवाज आला. सुभेदार कोळपे जुना कोट घालून उभे होते, दोन्ही पदकं लावून.

रणनवरे उठले. "या साहेब. बरं झालं आलात. मॅडम, या चष्म्यात यांचीच नजर आहे. यांनाच विचारा."

"विचारते," बाई म्हणाल्या. "सुभेदार, तुमची नजर जिथे जास्त वेळ थांबते तिथे ठसा असतो का?"

सुभेदारांनी बाईंच्या कानाकडे बघत उत्तर दिलं. "न्हाई बाई. जिथं ठसा असतो तिथं माझी नजर थांबतच न्हाई, पाय पुढं जातो. थांबते तिथं माग हरवलेला असतो."

"असं किती वेळा झालं? हरवण्याचं?"

वर्गात मागे बसलेल्या पोरांनी माना उचलल्या. कोळप्यांचा माग कधी हरवत नाही, असं केंद्रात येणाऱ्या प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी सांगितलं जाई. सांगणारे बहुधा रणनवरेच असत.

"रोज," सुभेदार म्हणाले. "रोज हरवायचा. हरवला म्हणायला लाज वाटली असती तर एक बी चोर घावला नसता मला. ही पवार म्हणाली, तर तिला तुमी चोराची बहीण केलंत. आता माझा चष्मा तसला झालाय व्हय, कधीच न हरवणारा? मग तो माझा न्हवं. माझं नाव काढा त्याच्यावरचं."

त्यांनी वळून काठी टेकत बाकाचा अंदाज घेतला. बिजली उठली आणि तिने हात धरून त्यांना आपल्या शेजारी बसवलं.

"उद्या सकाळी पट्ट्या तयार ठेवा," आचरेकर बाई म्हणाल्या. "कुठली कोरी ते मी ठरवीन. चालून जाईल माझा ड्रायव्हर. आणि अधीक्षक, तुमची चार माणसं तुम्ही निवडा. सगळ्यात चांगली."

*

सकाळी उन्हं तिरपी असतानाच काम सुरू केलं. ठसा तेव्हाच उत्तम दिसतो, कारण बारीकशा खोलगटालाही सावली पडते. साठ मीटर लांब, चार मीटर रुंद अशा दोन पट्ट्या. भोवती तरवड आणि टाकळा. दोन्ही टोकांना दोर बांधून बाहेरूनच फळी ओढली, म्हणजे माती सपाट होते आणि आत पाय पडत नाही. मग ताडपत्रीच्या आडोशामागे बाई आणि त्यांचा ड्रायव्हर काय करून आले ते आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. पट्ट्यांच्या पलीकडच्या टोकाला झुडपांत एक फट होती आणि तिच्यापुढे बाईंच्या बसण्याचा मंडप घातला होता.

पहिली बिजली गेली, चष्म्याशिवाय. ठशावर पाय न देता कडेने चालायचं आणि ठसा दिसेल तिथे मोठ्याने म्हणायचं, असा नियम. पहिल्या पट्टीवर तिचा आवाज संथ लयीत येत राहिला. दुसऱ्या पट्टीच्या तोंडाशी ती उकिडवी बसली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, सूर्य समोर घेऊन बघितलं. मग उठली.

"हरवला," ती म्हणाली. "हरवला म्हणजे, आलाच नव्हता."

रणनवऱ्यांची चार माणसं चष्मे लावून एकेक करून गेली. त्यांना एकमेकांचे आवाज ऐकू येऊ नयेत म्हणून बाकीचे वर्गात बसवले होते. चौघेही दोन्ही पट्ट्यांच्या कडेने न अडखळता चालले. मी मोजत होते. माझा चेहरा कुणी बघू नये म्हणून मी खाली मान घातली होती.

चौथा माणूस परत आला तेव्हा बिजलीने त्याच्या हातातला चष्मा घेतला आणि रणनवऱ्यांपुढे धरला.

"सर, तुम्हीपण."

"त्याची गरज नाही."

"पथकप्रमुखाने त्या दिवशी माझ्यापेक्षा काचेवर विश्वास ठेवला. तुम्ही त्याला शाबासकी दिलीत. घाला ना."

रणनवऱ्यांनी मंडपाकडे पाहिलं. मग चष्मा घातला. माणूस भित्रा नव्हता, आणि खोटारडाही नव्हता. त्यांचा चष्म्यावर मनापासून विश्वास होता. पहिली पट्टी झाली. दुसऱ्या पट्टीच्या कडेने ते चालू लागले. "ठसा. ठसा. डावा. उजवा. इथे पाय घसरलाय. ठसा." आवाजात हळूहळू जोर येत गेला. साठ मीटर संपले तरी ते थांबले नाहीत. झुडपांच्या फटीतून बाहेर पडले, मंडपात शिरले आणि खाली बघत बघत आचरेकर बाईंच्या खुर्चीपाशी येऊन थांबले.

"मॅडम, जरा पाय वर घेता का?" ते म्हणाले. "माग इथपर्यंत स्पष्ट आहे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सुभेदारांनी काठी आपटून त्याला गप्प केलं.

बाईंनी पाय हलवले नाहीत. "त्या पट्टीवर मी पाय ठेवलेला नाही, अधीक्षक," त्या म्हणाल्या. "माझ्या ड्रायव्हरनेही नाही."

रणनवऱ्यांनी चष्मा काढला. उघड्या डोळ्यांनी मागे वळून त्यांनी ती पट्टी पाहिली, बराच वेळ.

"वाघचौरे," बाईंनी कारकुनाला कागद घ्यायची खूण केली, "आकडे सांगा. या नोंदीवर एक मुलगा कोठडीत आहे, तेव्हा सावकाश आणि नीट सांगा."

मी सांगितले. पहिली पट्टी, साठ मीटर: खरे ठसे एक्क्याऐंशी, बिजली पवार, उघड्या डोळ्यांनी, अठ्ठ्याहत्तर, चष्म्यातून, आधी चौघे आणि शेवटी अधीक्षक, ऐंशी, एक्क्याऐंशी, एकोणऐंशी, एक्क्याऐंशी, एक्क्याऐंशी. दुसरी पट्टी, साठ मीटर: खरे ठसे शून्य, बिजली पवार, उघड्या डोळ्यांनी, शून्य, चष्म्यातून चौऱ्याहत्तर, सत्त्याहत्तर, एकोणऐंशी, शहात्तर, त्र्याऐंशी.